पडद्यावरच्या बाई

ऊस तुटायला लागला की आमच्या शिवारात उजेड वाढतो. पावसाळाभर आणि त्यानंतरही शाळेच्या दोन्ही अंगांना उभा असलेला ऊस आडवा होतो आणि खिडकीतून एकदम लांबलांबचं दिसायला लागतं. कुकडीच्या काठच्या बाभळी दिसतात, आळे गावाकडे जाणारा रस्ता दिसतो, त्या रस्त्यानं डुलत येणाऱ्या बैलगाड्या दिसतात. हवेत वाढ्यांचा, म्हणजे छाटलेल्या हिरव्या शेंड्यांचा, ओला, गोडसर वास असतो. संध्याकाळी कुठंतरी उसाचं वाळलं पाचट पेटवतात आणि सकाळी शाळेच्या ओट्यावर काळी भुरभुर पडलेली असते. मुलं तिच्यात बोटानं आपापली नावं लिहितात. मी रागावत नाही. तेवढंच शुद्धलेखन.

यंदाही कोप्या पडल्या. शाळेमागच्या पडीक रानात, आमच्या नळापासून हाकेच्या अंतरावर, ऊसतोडीच्या टोळीनं बांबू वाकवले, वर प्लास्टिकचा कागद टाकला, पुढं चुली मांडल्या. आणि दरवर्षीप्रमाणे त्याच आठवड्यात फोनवर निरोप आला: नवीन प्रशिक्षण सुरू झाले आहे, सर्व शिक्षकांनी लिंक उघडावी. बोरी बुद्रुकच्या आसपास हिवाळ्यात तीन गोष्टी एकदमच बाहेर पडतात. थंडी, बिबट्या आणि प्रशिक्षण. पहिल्या दोहोंपासून जीव कसा सांभाळायचा ते आम्हाला ठाऊक आहे.

मी इथल्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकवते. चार इयत्ता, दोन शिक्षक, दीड खोली. अर्ध्या खोलीला ऑफिस म्हणायचं, पण तिच्यात खिचडीच्या तांदळाची पोती आणि मोडकी बाकं राहतात. माझ्या नोकरीत मी इतकी प्रशिक्षणं घेतली की तेवढ्या वेळात मुलांना शिकवलं असतं तर एखादी पिढी मार्गी लागली असती. सतरंजीवर बसून घेतली, कागदी टोप्या घालून घेतली, टाळ्या वाजवण्याचे वेगवेगळे प्रकार शिकून घेतली. एकदा एका साहेबांनी आम्हाला डोळे मिटून ‘आपण कळी आहोत’ असं समजायला सांगितलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या, गुडघे धरलेल्या बायका हात वर करून उमलत होत्या. वडापाव मात्र वेळेवर यायचा, त्याबद्दल खोटं बोलणार नाही.

मग एका हंगामात हे सगळं बंद झालं आणि व्हिडिओ आला. साधासुधा नव्हे, संवादी व्हिडिओ. शिक्षकानं आता तालुक्याला जायचं नाही, प्रशिक्षण स्वतः चालत त्याच्या शाळेत येणार. ऐकायला किती गोड. त्या व्हिडिओत एक बाई शिकवत असतात. मधेच चित्र गोठतं, एक गोल फिरायला लागतो आणि प्रश्न येतो: आता शिक्षिकेने काय करावे? खाली अ, ब, क. बरोबर दाबलं तर अंगठा दिसतो आणि टाळ्या वाजतात. चुकलं तर एक दुःखी चेहरा येऊन म्हणतो, पुन्हा विचार करा. ह्याला म्हणायचं संवाद. ती आपल्याला विचारणार, आपण तिला काही विचारायचं नाही. असा संवाद आमच्याकडे पूर्वी सासवा करायच्या, त्यासाठी वीज लागत नव्हती.

त्या बाईंचा मला पहिल्या दिवसापासून राग आला. त्यांच्या साडीची निरी दिवसभर हलत नसे. त्यांच्या वर्गातल्या एकाही मुलाचं नाक वाहत नसे. सगळी मुलं एकाच इयत्तेची, गोलात बसलेली, एकानं बोट वर केलं की बाकीची प्रेमानं त्याच्याकडे बघणार. बाहेरून कुणी ‘बाई, गॅस संपला’ म्हणून हाक मारत नसे, आणि कुणाची शेळी वर्गात शिरत नसे. अशा वर्गात शिकवायला प्रशिक्षण कशाला हवं? तिथं आमच्या नळावरचा कावळासुद्धा शिकवून येईल.

पहिलाच प्रश्न मला आजही पाठ आहे. विद्यार्थी उशिरा आला, तर तुम्ही काय कराल? अ, बाहेर उभे कराल. ब, दुर्लक्ष कराल. क, जवळ घेऊन प्रेमाने कारण विचाराल. आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत मुलं उशिराच येतात. ऊस तुटला की बिबट्याचा आडोसा जातो, तो उघड्यावर फिरायला लागतो. मग वस्तीवरची मुलं चांगलं ऊन वर येईपर्यंत थांबतात, सगळी जमली की घोळक्यानं निघतात, पुढं कुणाचा तरी आजा काठी आपटत चालतो. ह्यात विचारायचं काय? मी कशालाच हात लावला नाही. गोल फिरत राहिला. पुढं जाताच येईना, कारण उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही अशी त्यांची सोय. शेवटी माझे सहकारी थोरात गुरुजी उठले आणि त्यांनी ‘क’ दाबला.

थोरात गुरुजी निवृत्तीला आलेले, निवांत गृहस्थ. त्यांना कशाचाच राग येत नाही, म्हणून त्यांची तब्येत चांगली आहे. ते म्हणाले, “कशाला डोकं लावताय बाई? तिन्ही दाबायची वळीनं. एक तरी लागंलच की.” त्या पद्धतीनं त्यांनी अख्खं प्रशिक्षण पार पाडलं आणि आमच्या केंद्रातलं पहिलं प्रमाणपत्र त्यांच्या नावानं आलं. त्याचा कागद अजून ऑफिसात तांदळाच्या पोत्यांवर, भिंतीला चिकटवलेला आहे. उंदरांनी एक कोपरा खाल्लाय.

मी मात्र हट्टाला पेटले. मी खरोखर जे करते तेच दाबायचं ठरवलं. त्यामुळे माझ्या वाट्याला कायम तो दुःखी चेहरा. मूल रडतंय, काय कराल? मी ‘तोंड धुवायला पाठवीन’ दाबलं. पुन्हा विचार करा. मुलाला उत्तर येत नाही, काय कराल? पुन्हा विचार करा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यानं जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला सांगावं की तुझी शेळी चुकीच्या बाजूला चरतेय, तसं ते वाटायचं. मी चिडायचे, गुरुजी हसायचे.

आता खरी गंमत सांगते. निरोपात स्पष्ट लिहिलं होतं, प्रशिक्षण शाळेतच आणि शाळेच्या वेळेतच घ्यावे. गावकऱ्यांनी वर्गणी काढून दिलेला मोठा टीव्ही वर्गाच्या भिंतीवर पक्का बसवलेला. ऑफिसात पोती. मग आम्ही बसायचं कुठं? वर्गातच. गुरुजींनी मुलांना सांगितलं, “समद्यांनी भिताडाकडं त्वांड करा आन पाढे ल्ह्या. हे मोठ्या मानसांचं हाय.” मुलं फिरली. पहिला प्रश्न आला तेव्हा दोन माना वळल्या. तिसऱ्या प्रश्नापर्यंत सगळा वर्ग आमच्या पाठीशी येऊन बसला होता आणि चौथीतली श्रावणी ठामपणे सांगत होती, “बाई, ब न्हाई. क हाय. दर टायमाला सगळ्यात लांबडं उत्तरच बरोबर असतंय.”

ती शंभर टक्के खरं बोलत होती. त्यानंतर माझे अंगठे वाढले.

त्या हंगामातली दुपार आठवली की मला आधी उन्हाचा चौकोन दिसतो. तो दारातून आत यायचा आणि खिचडी होईपर्यंत तिसरीच्या रांगेपर्यंत सरकायचा. त्या चौकोनात बसायला भांडणं व्हायची, कारण बाकीची फरशी गार. चौकोनाच्या कडेला, पण कधीच आत नाही, अशी एक मुलगी बसायची. पायल तिचं नाव. कोपीवरची, तिसरीतली. आईबाप पाथर्डीकडून टोळीबरोबर आलेले. गुडघ्यापर्यंत आलेला कुणा मोठ्याचा स्वेटर, तेल न लागलेले केस, आणि डोळे असे की सगळं टिपून घेतात. पहिल्याच दिवशी मी काहीतरी विचारलं आणि तिनं उत्तर दिलं. बरोबर दिलं. पण तिच्या बोलण्याचा हेल वेगळा, शेवट लांबवण्याची पद्धत वेगळी. वर्ग हसला. मी ओरडले, वर्ग गप्प झाला, पण पायलही गप्प झाली. वर्गाचं गप्प होणं दोन मिनिटं टिकलं. तिचं टिकलंच.

दिवस गेले, मी तिला रोज काही ना काही विचारत होते. ती उठून उभी राहायची, ओठ हलवायची. तेवढ्यात शेजारची तिघं उत्तर फेकून मोकळी व्हायची आणि ती खाली बसायची. पाटीवर सगळं लिहायची. वजाबाकी तर इथल्या मुलांपेक्षा स्वच्छ. तोंडातून मात्र शब्द नाही.

तिची आई दुपारी आमच्या नळावर पाणी भरायला यायची. अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट, हाताला उसाच्या पात्यानं चिरलेल्या बारीक रेघा, काखेत वर्षाचं लेकरू. पाण्याचा एक थेंब ती सांडू देत नसे. हंडा काठोकाठ आला की नळ असा बंद करायची की बघत राहावं. एक दिवस ती हंडा खाली ठेवून माझ्याजवळ आली.

“बाई, ही बोलती का हितं?”

मी म्हटलं, “लिहिते छान.”

“बोलती का?”

मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, “कोपीवर तिचं त्वांड मिटत न्हाई. हितं येऊन मुकी व्हायला लागली. घरीबी आता कमीच बोलती. साळंत बसून मुकीच व्हायची आसंल तर ल्हानग्यापाशी बसंल. मला ऊस तरी नीट तोडता यील. त्याला पाचटावर टाकून तोडते मी, जीव निम्मा त्याच्याकडं ऱ्हातो. बिबट्याचं रान हाय.”

तिच्या बोलण्यात एक शब्द चुकीचा नव्हता. मी एवढंच म्हटलं, “हे रान संपेपर्यंत ठेवा. मग बघू.” ती मान हलवून गेली. रान म्हणजे शाळेच्या पूर्वेचा ऊस. तो कुठपर्यंत तुटलाय ते मला फळ्याजवळूनच दिसायचं. रोज थोडा जास्त उजेड आत यायचा आणि रोज मला तो नकोसा व्हायचा.

आणि अशा वेळी त्या पडद्यावरच्या बाईंनी काय सांगावं? थांबा. त्या भागाचं नावच ते होतं. प्रश्न विचारल्यावर थांबा. बाईंनी एका गोऱ्यागोमट्या मुलाला प्रश्न विचारला. तो बोलेना. चित्र गोठलं नाही, बाईच थांबल्या. मागं मंद बासरी. बाई थांबल्या, थांबल्या, हसऱ्या चेहऱ्यानं थांबल्या, आणि मुलगा बोलला. टाळ्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थांबायचं असतं हे मला कळत नाही का? चार इयत्ता समोर, खिचडीचं पातेलं मागं, फोनवर ‘तातडीची माहिती भरा’, आणि ही सांगते थांबा. मला बासरी लावून द्या, मीही थांबते. शिवाय मी थांबून उपयोग काय होता? माझी पाठ वळायच्या आत वर्ग बोलून मोकळा. आमची मुलं शेतकऱ्यांची, पाणी दिसलं की वाफ्याची दारं मोडायची त्यांना सवय. शेवटी प्रश्न आला तेव्हा मी रागानं ‘अ’ दाबला. पुन्हा विचार करा.

मागं मात्र पूर्ण शांतता होती. मी वळून पाहिलं. अख्खा वर्ग त्या मुलाच्या तोंडाकडे बघत होता. श्रावणी हळूच म्हणाली, “बाई, परत लावा ना.” मी नाही म्हटलं. गुरुजींनी लावला.

त्यानंतर मधल्या सुट्टीत एक नवा खेळ सुरू झाला. एकीनं पडद्यावरच्या बाई व्हायचं. ओढणीची निरी करायची, गोड हसायचं, प्रश्न विचारायचा आणि मधेच गोठायचं. मग बाकीच्यांनी ओरडायचं, अ, ब का क. खेळातही त्या एकमेकींना थांबा म्हणायला लागल्या. जो आधी बोलेल तो बाद. इथं विटीदांडूचे नियम मोडले तर एवढी मारामारी होत नाही. एकदा मी दुसरीतल्या पोरावर हात उगारला होता. मारणार नव्हते, पण हात वर गेला होता. श्रावणी वर्गातून ओरडली, “थांबा! अ, ब का क?” सगळा वर्ग माझ्या हाताकडे बघत राहिला. मी हात खाली घेतला आणि फळा पुसला. गुरुजी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

पायल त्या खेळात नसायची. ती नळाच्या कट्ट्यावर बसून बघायची. पण बाद कोण झालं ते तिला बरोबर कळायचं, कारण नियम मोडला की तिच्या भुवया वर जायच्या.

पूर्वेचं रान आता थोडकंच उरलं होतं. त्या सुमाराला सुलभक येणार असा निरोप आला. सुलभक म्हणजे आमचं शिकवणं सुलभ करणारा माणूस. हा शब्द ज्यानं काढला त्याला मी एकदा आमच्या दीड खोलीत कोंडणार आहे. प्रशिक्षणातलं आम्ही वर्गात उतरवतो की नाही ते तो बघणार होता. आळेफाट्याहून मोटरसायकलवर आला. पोरसवदा, गळ्यात पट्टा, हातात टॅब, बुटांवर आमच्या रस्त्याची धूळ, आणि त्या धुळीकडे वारंवार जाणारं लक्ष. माझं शिकवणं त्यानं थोडा वेळ पाहिलं आणि आवाज मऊ करून म्हणाला, “मॅडम, एंगेजमेंट जरा कमी वाटतेय. मी एक छोटा डेमो देतो, चालेल?”

मी म्हटलं, “द्या की.” माझ्या मनात काय होतं ते लिहिण्याजोगं नाही.

त्यानं प्राण्यांची चित्रं काढली. पोपट कुठं राहतो, झाडावर. मासा कुठं राहतो, पाण्यात. मुलं कंटाळून उत्तरं देत होती. मग त्यानं बिबट्याचं चित्र वर धरलं आणि वर्गावरून नजर फिरवली. नजर पायलच्या स्वेटरवर थांबली. “तू सांग बाळ. बिबट्या कुठं राहतो?”

पायल उभी राहिली. ओठ हलले. दारातून बाहेर तिची आई नळावर हंडा लावताना दिसत होती.

“बरं, बस. दुसरं कोण सांगेल?”

कुणीच बोट वर केलं नाही. ज्या वर्गात प्रश्न विचारायच्या आधी उत्तर ऐकू येतं, त्या वर्गात एक बोट वर नव्हतं. सुलभकानं पुन्हा विचारलं. सगळी मुलं पायलकडे बघत होती. ती बसली नव्हती.

श्रावणी उठली. “सर, थांबा.”

“काय?”

“पडद्यावरच्या बाई थांबत्यात. तुमी थांबलाच न्हाई. तिला इचारलंय ना, मंग तिचंच हाय ते.”

गुरुजींनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. सुलभकाचा चेहरा लाल झाला. त्याला हसावं की रागवावं कळेना, कारण थांबायचं असतं हे शिकवायलाच तर तो आला होता. तो थांबला. रस्त्यावरून एक भरली गाडी गेली, तिची घुंगरं ऐकू आली आणि लांब गेली. नळाचं पाणी हंड्यात पडण्याचा आवाज बदलत चालला होता. कुणी हललं नाही. बासरी वगैरे काही नव्हती. मला भीती वाटत होती. ही आता नाही बोलली तर कधीच बोलणार नाही, आणि मी तिच्या आईकडून मागून घेतलेली मुदत संपली.

“उसात,” पायल म्हणाली.

सुलभक सुटल्यासारखा हसला. “छान प्रयत्न! पण बिबट्या राहतो जंगलात. हो की नाही मुलांनो?”

मुलांनी हो म्हटलं नाही. ह्या मुलांनी जंगल पाहिलेलं नाही, बिबट्या सगळ्यांनी पाहिलाय. त्यांच्यातल्या कुणीही त्याला खोडून काढलं असतं. श्रावणीच्या तर जिभेवर आलं होतं, मला दिसत होतं. पण तिनं ओठ दाबून धरले आणि पायलकडे बघत राहिली. बोलण्याची पाळी अजून पायलची होती.

“जंगलात न्हाई,” पायल म्हणाली. आता तिचा हेल ऐकू आला, शेवट लांबवलेला, आणि कुणी हसलं नाही. “उसातच राहतो. आमाला घावली व्हती पिल्लं. तीन. डोळे मिटलेली. मुकादम म्हनला हात लावू नका. मंग आईनं त्यांच्यावर पाचट टाकलं, गार व्हतं म्हनून. आन आमी तेवढा ऊस तसाच ठेवून लांब गेलो. सकाळी बघितलं तर न्हवती. त्यांची आई घेऊन गेली.”

“अच्छा,” सुलभक म्हणाला. “म्हणजे जंगलात घेऊन गेली.”

“न्हाई. दुसऱ्या उसात. ह्ये रान संपलं ना. आमीबी तिकडंच जानार हाव.”

बाहेर पाणी वाहत होतं. हंडा भरून सांडत होता, कट्ट्यावरून ओघळ शाळेच्या पायरीपर्यंत आला होता, आणि थेंबही न सांडणारी ती बाई नळाला हात लावायचं विसरून दाराशी उभी होती. तिनं सुलभकाकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, “खोटं न्हाई बोलत ती. मीच झाकली व्हती.”

सुलभकानं चित्र उलटून मागं पाहिलं. मागं ‘जंगल’ छापलेलं होतं. मग त्यानं सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं. जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, “पाहिलंत मॅडम? थोडं थांबलं की मुलं कशी बोलतात!” मी हात जोडले. काही लोकांना नमस्कार करणं हाच उपाय असतो.

त्या रात्री जेवताना मला हसू येत होतं आणि रडूही. मला त्या व्हिडिओची कीव करायची होती आणि करता येत नव्हती. कुकडीच्या पाटाचं पाणी आपण आपल्या वावरात घेतो, ते बांध फोडून शेजारच्याच्या वावरात शिरतं आणि पीक तिकडं येतं. प्रशिक्षण आम्हा दोघांसाठी होतं. आम्ही दोघं त्याच्यापासून कोरडे राहिलो. एकानं तिन्ही दाबली, एकीनं हट्टानं आपलीच. शिकली ती भिंतीकडे तोंड करून बसवलेली मुलं. थांबणं हे शिक्षकाचं कौशल्य आहे म्हणे. माझ्यासारखी एकटी बाई थांबून काय होणार? अख्खा वर्ग थांबावा लागतो. हे त्या भागात कुठंच सांगितलेलं नव्हतं, कारण ज्यांनी तो बनवला त्यांनी मुलांना फक्त उत्तरं द्यायला उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पायलची आई सकाळीच शाळेच्या दारात आली. लेकरू पाठीला बांधलेलं होतं, हातात कोयता. म्हणाली, “ह्याला मी नेते. ही बसू द्या.” एवढंच बोलून ती रानाकडे गेली. त्या दिवसापासून पायल उन्हाच्या चौकोनात बसायला लागली. कुणी जागा करून दिली की तिनं भांडून घेतली, ते मी विचारलं नाही.

पुढं लवकरच रान संपलं. शेवटचा पट्टा तुटला त्या दिवशी पूर्वेकडची खिडकी इतकी उघडी झाली की फळ्यावर उजेडाची तिरीप येऊन अक्षरं दिसेनात. टोळी आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरच्या बाजूला जाणार होती. ते माझं माहेर, तिथला ऊस मी लहानपणापासून ओळखते. गाडीत बांबू, कागद, भांडी, वर पायल. तिची आई माझ्याकडे आली आणि पदर सावरत विचारलं, “बाई, तिकडं साळा हाय का?”

“आहे. रस्त्यालाच आहे.”

ती घुटमळली. “तिकडच्या बाई थांबत्यात का?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत, इतक्या साहेबांनी मला शाळेबद्दल इतकं विचारलं. पट किती, शौचालय किती, अंगठे किती. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “थांबतात.” मला माहीत नव्हतं. गाडी वळणावर गेल्यावर मी फोन काढला. तिथल्या वस्तीवर वैशाली शिकवते, माझी चुलतबहीण. तिला सांगितलं, एक मुलगी येतेय, तिला घाई करू नको.

वैशाली म्हणाली, “म्हणजे तो थांबायचा भाग? ताई, झालाय माझा. प्रमाणपत्रपण आलंय.”

“तू नको बघू,” मी म्हटलं. “तोंड भिंतीकडे करून बस. पोरांना दाखव.”

ती माझ्यावर हसली. पण दाखवला असावा. कारण पुढं, संक्रांत होऊन गेल्यावर, तिळगुळाचा डबा अजून शाळेत फिरत असताना तिचा फोन आला. मागं वर्गाचा गलका होता आणि त्या गलक्याच्या वर एक आवाज, शेवट लांबवणारा, न थांबता चाललेला. वैशाली वैतागली होती.

“ताई, ती तुझी पायल. सकाळपासून तोंड मिटलेलं नाही. सगळ्यांची उत्तरं तीच देते. आता तिला गप्प कसं बसवायचं?”

मी म्हटलं, “त्याचा भाग अजून निघालेला नाही.”